टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा? (मे महिना, समृद्धी आणि सर्व्हिस सेंटरचं बिल)

पुनवडी

गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. एस्टिमेटमध्ये वायपर, एसी फिल्टर वगैरे नेहमीच्या मंडळींबरोबर 'नायट्रोजन फिलिंग, ५ चाकं' अशी एक ओळ दिसली. हे कशाला म्हणून विचारलं, तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने एका दमात सगळं ऐकवलं. गाडी हलकी होते, अ‍ॅव्हरेज वाढतं, टायर थंड राहतो, उन्हाळ्यात फुटत नाही, सहा-सहा महिने हवा बघावी लागत नाही, आणि एकदा नायट्रोजन भरला की साधी हवा चुकूनही मारायची नाही. शेवटचं वाक्य तर सोवळं मोडू नका अशा थाटात म्हणाला.

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन अमरावतीला जायचंय. संभाजीनगरजवळ समृद्धीला लागणार. पाच माणसं, डिकी फुल्ल, आणि तिकडचं ऊन सांगायला नको. समृद्धीवर टायर फुटल्याच्या बातम्या वाचून घरच्यांनी 'शे-दोनशे रुपयांसाठी चिकटपणा करू नकोस' असा धोशा लावलाय.

गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टायर ट्यूबलेस, दोन वर्षं जुने. कंपनीने हवेचा दाब ३३ पीएसआय (दाब मोजायचं एकक) सांगितलाय. घराजवळच्या पंपावर हवा फुकट आहे, पण मशीन बहुतेक वेळा 'बंद' असतं. शेजारीच नायट्रोजनची टपरी आहे, ती मात्र कायम चालू!

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_काका

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्या २२ टक्क्यांचे पैसे घेतात. विषय संपला.

रसायनी

काका, विषय संपला नाही, अर्धाच झाला. प्रश्न त्या उरलेल्या २१ टक्के ऑक्सिजनचा आणि हवेतल्या पाण्याच्या वाफेचा आहे. अ‍ॅडव्हायझरचे मुद्दे घेऊ, पण त्याच्या क्रमाने नको.

'गाडी हलकी होते' हे ऐकून मला फार आनंद झाला. तुमच्या आकाराच्या टायरमध्ये ३३ पीएसआयला सगळी मिळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम हवा असते. त्या जागी शुद्ध नायट्रोजन भरला तर फरक पडतो चार-साडेचार ग्रॅमचा. चार चाकांचे वीसही ग्रॅम होत नाहीत. डिकीतल्या चिवड्याच्या डब्यातून मूठभर चिवडा खाल्लात तर गाडी त्याहून हलकी होईल.

'टायर थंड राहतो.' नाही. टायर तापतो तो रबर फिरताना सतत दबतं आणि सुटतं म्हणून, शिवाय रस्ता तापलेला असतो म्हणून. आत कुठला वायू आहे याच्याशी त्या उष्णतेला देणंघेणं नाही. तापल्यावर दाब वाढण्याचा नियमही नायट्रोजनला आणि कोरड्या हवेला एकच आहे. ३३ पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय. सकाळी ३० अंशांना ३३ भरलेला टायर ६० अंशांना पोचला की ३७-३८ दाखवणार. नायट्रोजन असो नाहीतर अकोल्याची हवा.

'हवा टिकते' यात मात्र तथ्य आहे. टायरच्या आत ब्युटाइल रबराचा थर असतो. त्यातूनही वायू हळूहळू झिरपतो आणि नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन जास्त वेगाने झिरपतो. पण किती? अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २००६-०७ च्या सुमारास हे मोजलं होतं. ३१ मॉडेल्सचे टायर घेतले, प्रत्येकाच्या जोडीतल्या एकात हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन ३० पीएसआय भरला आणि वर्षभर उघड्यावर ठेवून दिले. वर्षाअखेर हवेचे टायर सरासरी ३.५ ने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. म्हणजे फायदा १.३ पीएसआय, तोही अख्ख्या वर्षात.

आता अ‍ॅव्हरेज. अमेरिकन सरकारचा इंधन बचतीचा ठोकताळा असा की चारही टायरचा दाब सरासरी १ पीएसआयने उतरला की अ‍ॅव्हरेज ०.२ टक्क्याने घटतं. वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि लिटरला १८ धरून हिशोब केला तर पेट्रोल वाचेल फार तर लिटर-दीड लिटर. तेसुद्धा तुम्ही वर्षभर हवा बघितलीच नाही तर! महिन्याला बघत असाल तर बचत शून्य.

पाण्याच्या वाफेबद्दल नंतर लिहितो, तो भाग खरा मजेदार आहे.

वऱ्हाडी_ठेचा

रसायनी भाऊ, मे महिन्यात या एकदा अकोल्याले. इथं डांबर पाघळते अन् तुम्ही सूत्र सांगून राह्यले. माह्याजवळ दोन गाड्या हायेत. एकीत नायट्रोजन, दुसरीत पंपावरची हवा. अकोला-नागपूर सारख्याच वेगाने गेलो तरी पंपाच्या हवेवाली गाडी उतरल्यावर दोन-तीन पॉइंट जास्तच दाखवते. आता हे काऊन होते ते सांगा. माह्या डोळ्यानं पाह्यलेलं हाय.

रसायनी

वऱ्हाडी भाऊ, तुमच्या डोळ्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे आणि त्याचं कारण म्हणजेच ती राहिलेली वाफ.

वर मी 'कोरडी हवा' म्हटलं होतं. पंपावरची हवा कोरडी असतेच असं नाही. कॉम्प्रेसर बाहेरची दमट हवा दाबून टाकीत भरतो, तेव्हा तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाला साचतं. टाकीखाली एक नळी असते. ती रोज उघडून पाणी काढून टाकायचं असतं. किती ठिकाणी काढतात हे तुम्हीच बघा. न काढलेलं पाणी हवेबरोबर थेंबाथेंबाने टायरमध्ये जातं.

टायरमध्ये द्रवरूप पाणी असेल तर तापल्यावर त्याची वाफ होते आणि तिचा दाब वायूच्या नेहमीच्या वाढीवर वेगळा चढतो. ३० अंशांना हा दाब जेमतेम ०.६ पीएसआय असतो, ६० अंशांना जवळजवळ २.९. म्हणजे दोनेक पॉइंट जादा, नेमके तुमच्या काट्याने दाखवलेले. यासाठी बादलीभर पाणी लागत नाही, चमचाभर पुरतं.

तेव्हा तुमच्या एका गाडीचं कौतुक नायट्रोजनचं नाही, कोरडेपणाचं आहे. नायट्रोजनचं मशीन चालायचं तर हवा आधी वाळवून घ्यावीच लागते, म्हणून ग्राहकाला आपोआप कोरडा वायू मिळतो. पंपवाल्याने ड्रायर लावला आणि टाकीतलं पाणी रोज काढलं तर हा फरक नाहीसा होईल. शर्यतीच्या गाड्यांनाही नायट्रोजनचं आकर्षण आहे ते यासाठीच. तिथे अर्ध्या पीएसआयने गाडीची पकड बदलते, त्यामुळे दाब किती वाढणार हे आधीच ठाऊक असावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा

आता कसं बोलले! म्हणजे मी बरोबरच होतो, कारण तेवढं चुकलं.

जुना_पाना

बरीच वर्षं टायरच्या धंद्यात काढली, आता दुकान मुलगा बघतो. त्यामुळे थोडं आतलं सांगतो. काही भाईबंद रागावतील.

नायट्रोजनचं मशीन म्हणजे सिलिंडर नव्हे. पुष्कळ लोकांना वाटतं की आत बाटला ठेवलेला असतो. मशीनमध्ये कोळशासारख्या काळ्या दाण्यांनी भरलेले दोन नळकांडे असतात. दाबाखाली हवा सोडली की ते दाणे ऑक्सिजन धरून ठेवतात आणि नायट्रोजन पुढे जातो. एक नळकांडं भरलं की दुसरं कामाला लागतं आणि पहिलं धरलेला ऑक्सिजन बाहेर फेकतं. मशीन चालू असताना ठरावीक वेळाने जो मोठा 'फुस्स' आवाज येतो तो त्याचाच. चांगल्या मशीनमधून ९५ टक्क्यांच्या वर नायट्रोजन मिळतो. दाणे जुने झाले किंवा त्यांच्यात तेल-पाणी गेलं की टक्का घसरतो आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही. तपासायला कोण बसलंय?

आता भरण्याची पद्धत. तुमच्या टायरची सगळी हवा सोडली तरी तो रिकामा होत नाही. बाहेरच्या दाबाइतकी साधी हवा आत राहतेच. तिच्यावर ९५ टक्केवाला नायट्रोजन ३३ पर्यंत भरलात की आत होतो साधारण ९० टक्के. पुन्हा सगळा सोडून पुन्हा भरलात तर ९३ च्या आसपास. म्हणून नीट काम करणारा माणूस वॉल (हवा भरायच्या तोंडाचा व्हॉल्व्ह) काढून हवा पूर्ण सोडतो, भरतो, परत सोडतो आणि परत भरतो. चार चाकांना वेळ लागतो. जो तुमच्या २८ वर आलेल्या टायरमध्ये नळी लावून ३३ करतो आणि वर नायट्रोजनची खूण म्हणून हिरवी टोपी बसवून पाच चाकांचे पैसे घेतो, त्याने तुम्हाला टोपी विकली.

आणि एक. 'नायट्रोजनवर साधी हवा मारायची नाही' हे आमच्या धंद्यातलं बांधून ठेवण्याचं वाक्य आहे. काही होत नाही. वाटेत हवा कमी दिसली तर मिळेल ती भरा. कमी हवेवर गाडी चालवणं हाच खरा धोका.

रसायनी

जुना_पाना यांच्या मुद्द्याला आकड्यांची पुरवणी. ३० वर आलेला नायट्रोजनचा टायर साध्या हवेने ३३ केला तर आतला नायट्रोजन ९५ वरून ९४ टक्क्यांवर येतो. बस्स.

उलटी गंमत बघा. साधी हवा भरलेल्या टायरमधून ऑक्सिजन आधी निघून जातो आणि नायट्रोजन मागे राहतो. तुम्ही वरून पुन्हा हवा भरता, पुन्हा ऑक्सिजन आधी जातो. वर्ष-दोन वर्षं नेमाने हवा भरलेल्या टायरमध्ये नायट्रोजनचा टक्का ७८ च्या बराच वर सरकलेला असतो. फुकटात.

सई_के

मला या चर्चेत एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते. फायदा नायट्रोजनचा नसेलही, पण टपरीचा आहे. मी एकटी गाडी चालवते आणि पंपावर हवेसाठी थांबणं हा वैताग असतो. मशीन बंद, चालू असेल तर पोरगा जागेवर नाही, पोरगा असेल तर 'मॅडम किती मारू' असं मलाच विचारतो आणि ३३ सांगितलं तर 'सगळ्यांना ३५ च मारतो' म्हणून ३५ मारून मोकळा. नळीच्या टोकाचं गेज कुठल्या जमान्यातलं ते देव जाणे. पंपावर हवा मोफत द्यायची हा तेल कंपन्यांच्या नियमावलीतलाच नियम आहे, मेहेरबानी नाही. पण नियम दाखवून भांडायला रोज वेळ कोणाला असतो?

नायट्रोजनवाला चाकाला २० रुपये घेतो, पण आकडा मशीनवर सेट करतो. टायर तिथे पोचला की मशीन टूं टूं करून थांबतं. चारही चाकांना सारखी हवा मिळते. माझ्या ओळखीत 'नायट्रोजन भरल्यापासून गाडी मऊ चालते' म्हणणारे जे आहेत, त्यांच्या टायरमध्ये आधी बहुधा एकात २६ आणि एकात ३७ असणार!

आता घरी डिजिटल इन्फ्लेटर आणलाय. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. २८ चा ३३ करायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि आवाज असा की सोसायटीतली कुत्री जागी होतात. पण टायर थंड असताना, आपल्या पार्किंगमध्ये, आपल्या हाताने. पुनवडी, तुमचे नायट्रोजनचे पैसे त्यात घाला.

पुनवडी

सईताई, हे पटलं. पण आईबाबांना कसं पटवू? त्यांच्या मते नायट्रोजन म्हणजे विमा.

विमानात नायट्रोजनच भरतात ना, मग तो सुरक्षित असणारच, हा बाबांचा बिनतोड मुद्दा आहे.

धावपट्टी

विमानांच्या देखभालीत काम करतो म्हणून बाबांना उत्तर देतो.

विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन सक्तीचा होण्यामागे एक अपघात आहे. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिको सिटीहून उडालेलं मेक्सिकाना या विमान कंपनीचं बोइंग ७२७ कोसळलं आणि १६७ जण गेले. एका चाकाचा ब्रेक अडकून प्रचंड तापला होता. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. अति उष्णतेने आतल्या रबरातून निघालेल्या वाफा आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले आणि चाक आत घेतलेल्या अवस्थेत टायरचा स्फोट झाला. इंधनाच्या, हायड्रॉलिकच्या आणि विजेच्या लाइन तुटल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने आदेश काढला की मोठ्या विमानांच्या टायरमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

आता आकडे बघा. विमानाच्या टायरचा दाब २०० पीएसआयच्या घरात. ब्रेक लागले की चाकाच्या गाभ्यात शेकडो अंश तापमान. पुढे वर गेल्यावर बाहेर उणे ५०, म्हणजे आत पाणी असेल तर त्याचा बर्फ. तुमच्या गाडीच्या बाबतीत यातलं काय घडतं? आमच्याकडे नायट्रोजन लागतो तो आगीच्या आणि पाण्याच्या भीतीने. महामार्गावर गाड्यांचे टायर फुटतात त्याचं कारण आतलं रबर पेट घेतं हे नाही.

बाबांना नमस्कार सांगा. ऐकणार नाहीत हे माहीत आहे.

जुना_पाना

धावपट्टी यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मग महामार्गावर टायर फुटतो कशाने, ते सांगतो, कारण पुनवडी यांचा खरा प्रश्न तोच आहे.

लोकांना वाटतं उन्हाने हवा वाढते आणि फुग्यासारखा टायर फुटतो. तसं नसतं. ३३ चा टायर ८० अंशांपर्यंत तापला तरी ४१ होतो. चांगला टायर त्याच्या कितीतरी पट दाब सोसतो. दुकानात फुटलेले टायर यायचे तेव्हा मी आधी आतून हात फिरवायचो. बहुतेकांत बगलेच्या (टायरच्या उभ्या बाजूच्या) आतून, गोल सगळीकडून रबराचा काळा चुरा हाताला लागायचा. ही कमी हवेची खूण. हवा कमी असली की बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त मुडपते, रबर आतून भाजत जातं आणि शेवटी बगल फाटते. मालक म्हणायचा, 'सकाळी बघितलं तेव्हा ठीक होता.' ट्यूबलेस २२ वर आला तरी नुसत्या डोळ्याला ठीकच दिसतो.

समृद्धीवर हे लवकर होतं, कारण सिमेंटचा सरळ रस्ता, ताशी १२० ची मुभा आणि मध्ये थांबायचं मनात येत नाही. घाटात किंवा गावांतून जाताना टायरला जो विसावा मिळतो तो तिथे नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही दोन-अडीच तास चालवून कुठेतरी पंपावर थांबाल. पोरगा गेज लावेल आणि म्हणेल, 'साहेब, ३९ झालंय, काढू का?' काढू देऊ नका. ते ३९ तापल्यामुळे आहे आणि टायर बनवणाऱ्याने ते धरूनच ३३ सांगितलेलं असतं. गरम टायरमधून हवा काढून ३३ केलंत तर थंड असताना तो २७-२८ चा टायर झाला. पुढचं अंतर तुम्ही कमी हवेवर धावणार, तो आणखी तापणार. पुढच्या पंपावर परत जास्त दाखवेल, परत काढाल. मी पाहिलेल्या फुटक्या टायरांमधले काही तर असे काळजी घेणाऱ्या माणसांचे होते. बेफिकीर माणूस वाटेत हवा बघतच नाही, त्यामुळे या फेऱ्यात तो सापडत नाही.

दुसरं, ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक गाड्यांना दोन रकाने असतात, कमी माणसं आणि पूर्ण भार. पाच माणसं आणि भरलेली डिकी म्हणजे तुम्हाला दुसरा रकाना लागू. बऱ्याचदा मागच्या चाकांना दोन-तीन पॉइंट जास्त असतात. टायरच्या बगलेवर छापलेला आकडा भरू नका, ती त्याची कमाल मर्यादा असते.

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर कायद्यानेच बाद. खाचांमध्ये लहान उंचवटे दिसतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की बदला. समृद्धीवर आरटीओने घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायची मोहीम काढली होती ती याचसाठी. त्यांनी नायट्रोजन आहे का ते विचारलं नव्हतं.

खडूस_काका

जुना_पाना, हा प्रतिसाद छापून पंपांवर लावला पाहिजे. पहिल्यांदाच या साइटवर कोणाचं तरी पूर्ण वाचलं.

मिनेसोटाकर

आमच्याकडे हा वाद थंडीत रंगतो. गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ भरलेली गाडी उणे २० मध्ये बाहेर काढली की २६-२७ होते. नोव्हेंबरातल्या पहिल्या कडक सकाळी अर्ध्या गल्लीच्या डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा पिवळा दिवा पेटतो. कॉस्टको या मोठ्या दुकानात टायर घेतले की नायट्रोजन मिळतो, त्यामुळे माझ्या गाडीत तोच आहे. शेजाऱ्याच्या गाडीत हवा. दोघांचे दिवे एकाच दिवशी पेटतात.

इथे दाबाचं सेन्सर प्रत्येक नव्या गाडीत सक्तीचं झालं ते फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोररच्या अपघातांनंतर, २००० सालच्या कायद्यामुळे. पण तो दिवा शिफारशीच्या २५ टक्के खाली गेल्यावर पेटला तरी नियमात बसतं. ३३ च्या गाडीत दिवा लागेपर्यंत तुम्ही २५ वर असू शकता. भारतातही आता बऱ्याच गाड्यांत हे येतं. दिव्याच्या भरवशावर राहू नका, पुनवडी.

भटक्या_विमुक्त

थोडं अवांतर. जूनमध्ये मनालीहून लेहला गाडी नेतोय. एकजण म्हणाला उंचीवर टायर फुगतात, म्हणून नायट्रोजन भर. खरं का?

रसायनी

फुगतात हे खरं, नायट्रोजनचा संबंध नाही. गेज दाखवतं तो आतला आणि बाहेरचा यांतला फरक. वर बाहेरचाच दाब उतरतो. मनालीत ३३ भरून पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत गेलात तर तापमान तेच धरून गेज ३७ दाखवेल. पण तिथे थंडीही असते. २० अंशांनी पारा उतरला की त्यातले तीन परत जातात. जमाखर्च जवळपास सारखाच, हात लावू नका. खिंडीत हवा काढलीत तर खाली उतरल्यावर मात्र टायर बसलेला दिसेल.

टेम्पोवाला_नगर

सगळे नायट्रोजनला झोडपून राहिलेत म्हणून विरोधी पक्षाची एक जागा मी लढवतो. माझे चार ट्रक आहेत. ट्रकच्या टायरला आम्ही रिमोल्ड करतो, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवतो, एकदा नाही दोनदा करतो. तिथे आतलं कासिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, शाबूत राहणं म्हणजे पैसा. ऑक्सिजनने रबर आतून कडक होतं, शिवाय दमट हवेने डिस्क गंजते. आम्हाला नायट्रोजन परवडतो. कारवाल्याचा टायर पाच-सहा वर्षांत किंवा चाळीस-पन्नास हजारात भंगारातच जाणार, बाहेरून ऊन आणि हवा त्याला खातच असते. आतून जपून काय करणार?

पुनवडी

सगळ्यांचे आभार. सर्व्हिस सेंटरला ती ओळ काढायला सांगितली, त्याने तोंड वाकडं केलं पण काढली. इन्फ्लेटर मागवला. आज सकाळी थंड गाडीला चारही चाकं बघितली. पुढची दोन्ही ३२, मागचं उजवं ३१ आणि मागचं डावं थेट २५! महिन्यापूर्वी चारही सारखी भरली होती. पंक्चर म्हणावं तर खिळा-बिळा काही दिसत नाही. आता इथे नायट्रोजन भरला तर कमी उतरेल का?

जुना_पाना

अजिबात नाही. रबरातून झिरपून महिन्यात सात-आठ पॉइंट जात नाहीत. कुठेतरी वाट आहे, आणि त्या वाटेने नायट्रोजनही तितक्याच आनंदाने जाईल.

आधी वॉल बघा. टोपी काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. पंक्चरवाले थुंकी लावतात, तुम्ही साबण वापरा. बुडबुडा फुगला तर आतली सुई गेली, ती किरकोळ पैशांत बदलून मिळते. तिथे नसेल तर वॉलचं रबर रिममध्ये शिरतं त्या जागी बघा, ऊन खाऊन तिथे चिरा पडतात. तेही नसेल तर रिमच्या कडेने गोल साबणपाणी फिरवा. अ‍ॅलॉय रिमला पांढरी बुरशीसारखी गंज धरते आणि टायर नीट बसत नाही. तसं असेल तर टायर उतरवून कडा घासून घ्यावी लागेल. शेवटी चाक पाण्याच्या टाकीत बुडवून नक्षीत खिळा शोधायचा. बारीक तारेचा तुकडा रबरात पूर्ण गाडला गेला असेल तर वरून दिसत नाही.

आणि पंक्चर निघालंच तर ते नक्षीत आहे की बगलेत ते विचारा. बगलेतलं असेल तर पट्टी मारून समृद्धीला जायचं नाही, टायर बदलायचा.

पुनवडी

वॉलच निघाला. सुईच्या तोंडाशी मोठा बुडबुडा आला. उद्या चारही बदलून घेतो.

सई_के

स्टेपनी बघितलीत का? नवी गाडी घेतल्यापासून कोणी तिला हात लावलेला नसतो. आणि ती बारकी असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते, हवाही वेगळी लागते. स्टिकरवर तिचा आकडा बघा.

पुनवडी

बघितली. १९.

वऱ्हाडी_ठेचा

घ्या! भरा अन् या. समृद्धीवरून उतरले की फोन करा, जेवण आपल्याकडे. बाबांले सांगा, नायट्रोजनचा विषय मी काढत नाही.